अकराव्या महिन्याची अदलाबदल

सांगलीत आमच्या भाड्याच्या चार खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा जो भेटेल तो मला एकच म्हण ऐकवायचा: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. नवरा फौजेत, कायम कुठल्या ना कुठल्या सरहद्दीवर. त्याने पाठवलेल्या पैशातून कडेगावला उसाचं रान वाढवायचं सोडून मी शहरात विटा रचल्या, याचा सासरच्यांना राग होता. खोल्या माझ्या हातून जाव्यात आणि 'आम्ही म्हणत नव्हतो?' असं म्हणायला मिळावं, याची ते वाटच बघत होते. नव्वदनंतरची ती पहिली वर्षं. भाडेकरू एकदा बसला की कोर्टालासुद्धा उठवता येत नाही, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

म्हणून मी एक युक्ती काढली. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की चारही बिऱ्हाडांनी खोल्या बदलायच्या. एकवाल्यांनी दोनमध्ये, दोनवाल्यांनी तीनमध्ये, तीनवाल्यांनी चारमध्ये आणि चारवाल्यांनी फिरून एकमध्ये. एका रविवारी सगळं सामान अंगणात काढायचं, मी उभी राहून चुना मारून घ्यायची आणि संध्याकाळी ज्याने त्याने नव्या खोलीत शिरायचं. 'आम्ही इतकी वर्षं याच खोलीत राहतोय' असं म्हणायची सोयच मी कुणाला ठेवली नव्हती. बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या. मोडू देत, मला काय त्याचं.

एका अदलाबदलीनंतर तीन नंबर रिकामा झाला आणि तिथे हळदीच्या गिरणीत कामाला जाणारा एक तरुण, त्याची बायको आणि रांगतं पोर असं बिऱ्हाड आलं. आल्या दिवशी त्यांनी भिंतीला खिळा ठोकला आणि निळ्या कोटातला फोटो लावला. मी बघितला, बाकीच्यांनीही बघितला. कुणी चकार शब्द काढला नाही. आपलं घर कसं पुढारलेलं, अशी मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली. तो गिरणीतून हळदीची पुडी आणायचा, त्याची बायको ती सगळ्या घरांत वाटायची. दोन नंबरात खंडाळ्याकडची एक बाई होती. तिचाही नवरा फौजेत, म्हणून ती मला जरा जास्तच जवळची. ती त्याच हळदीने रोज देव पुजायची.

अकरावा महिना सरत आला. खोल्या बदलायच्या आधी दोन दिवस ही दोन नंबरवाली माझ्या दारात आली.

"काकी, मी तीनमदी न्हाई जायची."

"का गं?"

"तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? त्यांच्या ओट्यावर मी देवाचा निवद कसा करू?"

"तिची हळद चालती की तुझ्या देवाला!"

"हळद येगळी, काकी. ओटा येगळा."

मी तिला फाडफाड बोलले. ती ऐकून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी एक आणि चारवालीला सोबत घेऊन आली. तिघींनी मिळून माझ्यापुढे गणित मांडलं. ते लोक यंदा चारमध्ये गेले, पुढच्या खेपेला एकमध्ये, त्याच्या पुढच्या खेपेला दोनमध्ये. म्हणजे थोड्या वर्षांत माझ्या चारही खोल्या बाटणार. तसं होणार असेल तर आम्ही तिघी आत्ताच बिऱ्हाड हलवतो, असं त्यांनी सांगितलं. गणित चुकलेलं नव्हतं. माझ्याच युक्तीतून ते निघालं होतं.

संध्याकाळी तीन नंबरवाला आणि त्याची बायको आले. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं.

"काकी, आमी हाय तितंच ऱ्हातो," तो म्हणाला. "पोराचं दुखणं निघालंय, गिरणी हितनं जवळ हाय, हे घर सोडून कुटं जाऊ? आमास्नी बदलून नको."

मला त्यातलं एकच ऐकू आलं: हा एका जागी बसणार. "नियम म्हणजे नियम," मी म्हणाले.

"मग नियमानं चारमदी जातो."

उत्तर नसलं की मी आवाज चढवते, ही माझी जुनी खोड. "तुमचा करार संपलाय. खोली घरच्यांना लागतेय," मी म्हणाले.

"कुणाला लागतीया?" त्याच्या बायकोने विचारलं. "मालक तर सरहद्दीवर हाईत."

"माझ्या घरात कुणाला ठेवायचं ते मी ठरवणार!" मी अशी ओरडले की अंगणात भांडी घासणारे हात थांबले. ओरडल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

रविवारी त्यांनी हातगाड्यावर सामान बांधलं आणि गेले. मी तीन नंबरला चुन्याचे दोन हात मारून घेतले. तरी दोन नंबरवाली उंबऱ्याबाहेरच.

"नुसत्या चुन्यानं काय हुतंय? गोमूत्र शिंपडा."

'तुला नको असेल तर तूही उचल सामान,' असं मला म्हणता आलं असतं. एक घाव दोन तुकडे. इतरांशी माझी जीभ कात्रीसारखी चालते, त्या दिवशी टाळ्याला चिकटली. तिघी गेल्या तर चारही खोल्या ओस आणि कडेगावात माझी शोभा. मी शेजारच्या गोठ्यातून तांब्या भरून आणला, तुळशीची डहाळी घेतली आणि स्वतःच्या हाताने शिंपडायला लागले. ओट्यावर, उंबऱ्यावर, फोटोच्या खिळ्याखाली.

तेवढ्यात दारात सावली पडली. त्या तरुणाची बायको दोरीवर राहिलेली पोराची दुपटी न्यायला परत आली होती. दुपटी हातात घेऊन ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आता ही शिव्या देणार, म्हणून मी माझी उत्तरं तयार ठेवली.

"काकी, खिडकीखालचा कोपरा ऱ्हायला," ती म्हणाली. "तितं माझं पोरगं झोपायचं."

माझ्या पाठीमागे दोन नंबरवाली ट्रंक घेऊन उभी होती. मी त्या कोपऱ्यातही शिंपडलं.