बांगडी लहान, चप्पल मोठी

"वहिनी, शैला गेली," भाऊजी फोनवर म्हणाले, आणि पाठोपाठ, "काल तर वजन बरोबर होतं हो तिचं..." महिना होऊन गेला, ते दुसरं वाक्य डोक्यातून जात नाही. शैला माझी धाकटी जाऊ. नवघरला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, वर-खाली. किडन्या गेल्या म्हणून तिचं डायलिसिस चालू होतं. तिथे आत जाताना वजनकाटा, बाहेर येताना वजनकाटा. पाणी काढून अमुक वजनावर आणायचं, तो आकडा एकदा ठरला तो ठरला. काटा तिथे आला की सगळे खूश.

अहो, पण त्या वजनात काय आहे ते कोणी बघायचं? पुतणीच्या लग्नासाठी आम्ही बांगड्या भरायला गेलो. सुया टोचायच्या हातात बांगडी चालत नाही, म्हणून तिच्या एकाच हातात. बांगडीवाला म्हणाला, "बच्ची का साइज लगेगा." शैला हसली, "दे दो भैया, साठ साल की बच्ची है." पुढच्या दुकानात चपला घेतल्या त्या पुरुषांच्या. सुजलेले पाय बायकांच्या चपलेत मावतच नव्हते. येताना रिक्षात म्हणाली, "ताई, मांस चाललंय, त्या जागी पाणी भरतंय. काट्याला दोन्ही सारखंच."

पुढच्या खेपेला मी सोबत गेले. डॉक्टरांना म्हटलं, तिला धाप लागते, आडवं होता येत नाही, ठरलेलं वजन खाली आणा. हातापायाला पट्ट्या चिकटवून अंगात पाणी किती, मांस किती ते सांगणारं मशीन तिथेच होतं, कव्हर घालून ठेवलेलं. ते लावा म्हटलं, तर पट्ट्या संपल्यात, मागवल्यात. "आजी, वजन स्टेबल आहे, टेन्शन घेऊ नका." भाऊजीही मलाच गप्प करायला लागले, डॉक्टरांना कळतं म्हणे. पट्ट्या काही आल्या नाहीत. छातीत पाणी भरून गेली ती. जे काढायला तिला तिथे नेत होतो, त्याच पाण्याने...

सवाष्ण गेली, म्हणून तिला हिरव्या बांगड्या मी भरल्या. कोणीतरी तिच्या जुन्या मापाच्या आणलेल्या, त्या सरळ कोपरावर गेल्या. शेवटी लहान मुलीच्या मापाच्या मागवल्या. या वेळी दोन्ही हातांत.

भाऊजी तिच्या चपला टाकायला निघाले होते. मी टाकू दिल्या नाहीत. दारातल्या रॅकवर आहेत, वर खुंटीला उरलेली एक बांगडी. भेटायला येणारे विचारतात, हे काय ठेवलंय. मी सांगते, हे शैलाचं वजन. नीट बघा.