आधी यादी, मग झेंडू

तुमच्या कार्यालयातल्या संगणकाचा पासवर्ड आत्ता कुठे चिकटवलेला आहे? पडद्याच्या कडेला, की कीबोर्डखाली? हसू नका. माझी शैलाआत्या हाच प्रश्न विचारायची, तेव्हाही लोक हसायचे. तिला जाऊन दीड महिना झाला...

शहापूरहून रोज जीपने मुरबाडला जाऊन ती तिथल्या एका लहान रुग्णालयातले संगणक सांभाळायची. संगणक सुरक्षित कसा लावावा, याचे जाणकारांनी ठरवलेले नियम असतात. तिने ते मराठीत उतरवून त्यांची यादी केली होती. आयता आलेला पासवर्ड बदला, नको असलेली खाती बंद करा, प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्या, बॅकअप घेतला की डिस्क काढून कपाटात ठेवा. खंडेनवमीला आमचे आजोबा आधी कोयत्याला धार लावायचे, मगच त्याला हळदकुंकू वाहायचे. आत्याने तोच रिवाज रुग्णालयात नेला. प्रत्येक नियमापुढे खूण झाल्याशिवाय त्या संगणकाला झेंडू नाही!

“अगो शैला, पेढं सुकलं!” परिचारिका ओरडायच्या.

“मुरबाडला कोन चोर येतोय, शैलाताई? इथं रेल्वे पन नाय,” व्यवस्थापक म्हणायचे.

“चोराला रेल्वे लागत नाय, सायेब. तुमी उघडं ठेवलेलं दार लागतं.”

यंदा ती आजारपणाच्या रजेवर गेली. जाताना यादी आणि बॅकअप डिस्कच्या पासवर्डचं बंद पाकीट व्यवस्थापकांच्या हातात दिलं. आठवड्याभरात त्यांनी ‘रोजची कटकट’ मिटवली. सगळ्या संगणकांना एकच पासवर्ड, ग्रामदेवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्यांना सगळे अधिकार. एका परिचारिकेने फोनवर हे सांगितलं, तेव्हा आत्या अंथरुणात उठून बसली. “देवी राखन करील गो, पन तिचं नाव अख्ख्या तालुक्याला ठाव हाय!” तिने व्यवस्थापकांना तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

पुढे आत्या वारली, त्याच आठवड्यात कुणीतरी तो पासवर्ड ओळखून आत शिरलं आणि रुग्णांच्या सगळ्या नोंदींना कुलूप घातलं. पाड्यावरून चालत आलेल्या एका गरोदर बाईला पुन्हा सगळ्या तपासण्या कराव्या लागल्या. आणि तेराव्याला, आमच्याच ओटीवर चहा पीत, व्यवस्थापक म्हणाले, “शैलाताईच कायतरी करून गेल्या बगा. डिस्कचा पासवर्ड पन सांगितला नाय.”

मी गप्प बसले... त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

पुढे तिचं सामान आणायला मी रुग्णालयात गेले. ते पाकीट व्यवस्थापकांच्याच खणात सापडलं, वर तिची सही, न फोडलेलं. कपाटात डिस्क होती. आत्या रजेवर गेली त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी त्या डिस्कवरूनच परत मिळाल्या. ज्या बाईने रुग्णालय वाचवलं, तिच्याच माथी दोष! आणि ज्याने तो मारला, त्या माणसाची खुर्ची जागची हललेली नाही. साधी माफीसुद्धा मागायला कुणी आमच्या ओटीवर आलं नाही.

यादी आता माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या नियमाशेजारी तिच्या हळदीच्या बोटाचा ठसा अजून पिवळा आहे. तुम्ही खंडेनवमीची वाट पाहू नका. उद्या कामावर गेलात की तो चिकटवलेला कागद फाडा, पासवर्ड बदला. आणि तुमच्याकडेही अशी कटकट करणारी कुणी असेल, तर तिचा फोन उचला.