आमरसात टाकली भुकटी

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. माझ्या हातून एकदा असा आमरस झाल्ता, की वाढायला पळी न्हाई, उलथनं पाहिजे होतं!

पंच्याहत्तर साल असंल. मी जाफराबादला शाळामास्तर, सासुरवाडी घनसावंगीची. धाकट्या मेव्हणीला बघायला पाहुणे यायचे होते. थोरला जावई मी, म्हणून सकाळपासूनच रुबाबात हजर. माझा साडू सुधाकरबी पुण्याहून आल्ता. आइस्क्रीमच्या कारखान्यात कामाला होता तो. 'बर्फ फोडतो तिथं,' असं मी सगळ्यांना सांगायचो.

या बहाद्दरानं संगं एक पुडा आणला. पांढरी भुकटी! सासऱ्यांना म्हणतो, "मामा, ही कापसापासून करतात. चिमूटभर टाकली की पातळ ते दाट होतं. आइस्क्रीममध्ये हीच, टूथपेस्टमध्ये हीच, रंगात, कापडाच्या खळीतबी हीच!"

मी फिस्सकन हसलो. "कापूस खायचा? मंग गादीच फाडून वाढा की पाहुण्यांना!"

सुधाकरनं पुडा चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिला. मास्तरापुढं कुणाचं चालतं?

संध्याकाळी जीपमधून पाहुणे उतरले. उतरले म्हणजे काय, उतरतच राह्यले! सासूबाईंचा जीव खालीवर. "जावईबापू, रस पुरत न्हाई हो!"

"पाणी घाला बिनधास्त," मी म्हणलो.

घातलं. रस असा पातळ झाला, की पातेल्याचं बूड दिसायला लागलं. आता सुधाकरला विचारायचं? मी? छ्या! पुडा उचलला, मूठभर भुकटी टाकली. काहीच होईना. "थापाड्या कुठला!" म्हणत सगळा पुडाच उपडा केला.

पानं वाढेस्तोवर रस फुगला ना! गुठळ्याच गुठळ्या. पळी मधोमध उभी! वाटी उलटी केली तरी थेंब खाली पडेना.

मुलाचे चुलते म्हणाले, "हे काय वाढून राह्यले? पतंग चिकटवायचेत का?"

सासऱ्यांचं तोंड उतरलं. सोयरीक हातची जाती का काय! मंग मीच पुढं सरसावलो. "शहरात असाच खातात. तुम्हाला काय माहीत? हे बघा!" आणि वाटीमागून वाटी चापली. पाहुण्यांनी वरण-पोळीवर भागवलं. मी मात्र इज्जतीपायी पातेलं खरवडलं.

हात धुताना सुधाकर कानाशी लागला. "मास्तर, लई खाल्लं का हो?"

"का? पोटात दुखतंय का तुझ्या?"

"माझ्या न्हाई. पोट साफ व्हायच्या औषधातबी हेच टाकतात. आत पाणी गेलं की फुगतं."

"हॅट! मला शिकवतो!" म्हणलो, आणि त्याच्यासमोर तांब्याभर पाणी गटागटा प्यालो.

पाहुणे रात्री तिथंच राह्यले. सकाळी पोरगी पसंत पडली. सगळे बैठकीत सुपारी फोडायला बसले. सासऱ्यांनी हाक मारली, "थोरले जावई कुठं हायेत?"

कुठं असणार? विहिरीमागं, टमरेल घेऊन! उजाडल्यापासून तिथंच मुक्काम.

मानाचा फेटा बांधून सुपारी सुधाकरनं फोडली. मला तेवढी बांधापलीकडून त्या चुलत्यांची हाक ऐकू आली, "मास्तर, सावकाश होऊ द्या!"