दांडी सोडून दहा किलोमीटर

आमच्या डेपोत तिला सगळे डबलबेल म्हणतात. सत्तावीस वर्षं बसची कंडक्टर. घंटीची दोरी दोनदा ओढली की गाडी सुटायची, आणि त्याबरोबर हिचं तोंडही. मी तिथल्या कामगार संघटनेचा. मी तिला ताई म्हणतो, ती मला पुढारी म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी विचारत नाही.

मागच्या वर्षी एका करकचून लागलेल्या ब्रेकला ती चालत्या गाडीत पडली. गुडघ्याला टाके दोनच. पण मॅनेजरसाहेबांनी वय काढलं आणि तिला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथं काम काय? एकेकटे हातमोजे, छत्र्या, एकदा तर दातांची कवळी. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवायची आणि फळीवर ठेवायचं. ती गाडी परत मागायला गेली, तर साहेब हसून म्हणाले, "मार्चअखेर शहराची दहा किलोमीटरची शर्यत आहे. दीड तासात संपवून दाखवा, मग बघू."

माझं डोकं फिरलं. "ताई, अशी अट कुठल्या कायद्यात बसत नाही. तू फक्त तक्रारीवर सही कर, साहेबाला घाम फोडतो."

"घाम मलाच फुटू दे," ती म्हणाली. "त्यांनी तोंडाने सांगितलंय, मी पायाने उत्तर देते."

हा स्वाभिमान म्हणायचा की मूर्खपणा, मला कळेना.

आमच्या शहरात थंडीत रस्त्यावर बर्फ इतका घट्ट, की पाय टाकला की माणूस आडवा. म्हणून जावयाकडे धूळ खात पडलेली ट्रेडमिल घरी आली आणि कपाट नि पलंग यांच्यामध्ये बसली. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, शिंपी. कपडे वाळत घालायला बरी सोय झाली म्हणून ते खूश होते. पण बाई रोज कामावरून आली की बूट बांधून पट्ट्यावर! नोव्हेंबरात दोन किलोमीटर, जानेवारीत सहा, फेब्रुवारीच्या मध्यावर दहा. तेही ब्याऐंशी मिनिटांत. भाऊजींनी रोजचा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. मी डेपोभर छाती फुगवून सांगत फिरलो.

मग बर्फ वितळला. एका रविवारी ती पहिल्यांदा रस्त्यावर पळाली, मी सायकलवरून मागे. दुसऱ्या किलोमीटरलाच ती फुटपाथच्या कडेवर बसली. श्वास भात्यासारखा, खांदे दगड.

"काल दहा पळाले रे," ती म्हणाली. "आज दोनात मेले. काल ती कोण होती मग?"

माझ्याकडे उत्तर होतं. मशीन खोटं! मी तडक दुरुस्तीवाल्याला गाठला. डिसेंबरात त्यानेच पट्टा घट्ट केला होता. त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, फसवणूक, ग्राहक न्यायालय, काय वाट्टेल ते बोललो. तो बिचारा हत्यारांची पेटी उचलून निमूट माझ्याबरोबर आला. पट्ट्यावर खडूची खूण केली, फेरे मोजले, घड्याळ लावलं. मशीन बिनचूक निघालं.

"आता तुम्ही पळा, बाई," तो म्हणाला.

ती पळू लागली. मी, भाऊजी, दुरुस्तीवाला, तिघं पलंगावर ओळीने बसून बघतोय. पाय झकास. चेहरा शांत. आणि डावा हात मशीनच्या दांडीवर गच्च.

"हात रोज तिथंच असतो का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"कुठला हात?" ती म्हणाली.

खरंच तिला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं हलत्या गाडीत डाव्या हाताने दांडा धरायचा आणि उजव्याने तिकीट फाडायचं. पायाखालचं हललं की हात आपोआप दांड्याकडे जाणार. दिसला आम्हालाही होता, पण तिच्या अंगाला तो इतका शोभत होता की खटकलाच नाही. अर्धं वजन दांडी उचलत होती.

"नाचता येईना अंगण वाकडं," दुरुस्तीवाला माझ्याकडे बघून म्हणाला. मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

तिने हात सोडला. विसाव्या पावलाला तोल जाऊन ती मागे आमच्या मांडीवर.

"उतरा, शेवटचा स्टॉप," भाऊजी म्हणाले.

ती हसली नाही. भिंतीवरचे आकडे बघत राहिली. "मग चार महिने मी केलं काय?"



हातात चार आठवडे. भाऊजींनी तिच्या दोन्ही मुठींत दोऱ्याचं एकेक रीळ दिलं, की हात भरलेले राहावेत. तशी ती रोज रस्त्यावर पळाली. कधी पाच किलोमीटर जमायचे, कधी तीनच. आपण सुधारतोय की बिघडतोय हे तिला समजेना, मला तर नाहीच.

शर्यत तिने पूर्ण केली. त्र्याण्णव मिनिटं. तीन मिनिटांनी हुकली.

सोमवारी आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी विचारलं, "कसली शर्यत?"

ते विसरले होते! पाच महिने जिच्यासाठी हिने हाडं झिजवली, ती अट त्यांच्या लक्षातही नव्हती. मी ताईला कोपराने ढोसलं. म्हण ना, दीड तासात संपवली. कोण तपासणार?

"तीन मिनिटं उशीर झाला, साहेब," ती म्हणाली.

साहेब गोंधळले. "दहा किलोमीटर? तुम्ही?" मग म्हणाले, "लेखी द्या."

बाहेरच्या बाकावर मी गाडी परत मिळावी असा अर्ज लिहायला बसलो. "तीन मिनिटांचं लिही," ती म्हणाली. मी म्हणालो, "ताई, हा आपल्याच पायावर धोंडा." "लिही." लिहिलं. इतका लेचापेचा अर्ज मी उभ्या आयुष्यात लिहिला नव्हता.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

माझे चांगले खणखणीत अर्ज त्यांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेत. याच्यावर सही का केली, ते मला समजलं नाही. ताईला विचारलं, तर म्हणाली, "मलाही नाही. पण उद्या पहिल्या पाळीला सात नंबरची गाडी आहे, आता घरी जाऊ दे."