डबा जळाला त्यानंतर

सीटा शिवण्यात तिचं आयुष्य गेलं. टॅक्सीच्या सीटा, थिएटरातल्या फाटक्या खुर्च्या, एकदा तर दाताच्या डॉक्टरची ती वरखाली होणारी खुर्चीसुद्धा. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सुईत दोरा ओवता ओवता डोळे गेले, त्यात नवरा कुठे ओवत बसू?" खाली दुकान, वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. एकीत ती, दुसरीत तिचा थोरला भाऊ. भाऊ कापड गिरणीत बॉयलरवर होता. गिरणी बंद झाली, पाठोपाठ वहिनी गेली, तेव्हा चार दिवस म्हणून तो बहिणीकडे आला आणि तिथलाच झाला. साठी उलटली तरी त्याच्या तोंडी ती चिमीच.

गिरणी गेल्यापासून दादा नुसता खिडकीत बसून असायचा. मग कुठून तरी त्याला कळलं, की शहराबाहेरच्या बंद यार्डात एक वाफेचं इंजिन आणि प्रवाशांचे दोन लाकडी डबे सडत पडलेत, आणि काही हौशी मंडळी पदरमोड करून ते दुरुस्त करतायत. त्या सुट्टीला तो गेला, तो संध्याकाळी कोपरापर्यंत काळा होऊन परतला. जेवताना चक्क शीळ घालत होता. वहिनी गेल्यापासून तिने ती शीळ ऐकली नव्हती.

थोड्या दिवसांनी म्हणाला, "चिमे, एकदा येऊन डब्यातल्या सीटा तरी बघ."

तिने बघितल्या. कातडं कुरतडून उंदरांनी आत संसार थाटले होते. स्प्रिंगा बाहेर आलेल्या, काथ्या कुजून काळा पडलेला. "हे जाळून टाका," ती म्हणाली. पण एका सीटच्या कडेची जुनी शिवण तिने बोटाने चाचपली. दुहेरी टाका, हाताने घातलेला, इतक्या वर्षांनीही न उसवलेला. असा टाका आता कुणी घालत नाही. पुढच्या सुट्टीला ती स्वतःची जाड सुई आणि मेण घेऊनच गेली.

त्यानंतर कित्येक वर्षं त्या दोघांनी सुट्टी म्हणून घरी काढली नाही. यार्डातल्या शेडमध्ये सगळे तिला ताई म्हणत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर सगळ्यांचे पुढारी होते. वाफेच्या गाड्यांवर ते बोलायला लागले की तासाची घंटा व्हायची नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष. आणि एक पेंटर होता. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि सुट्टीला डब्यांवर सोनेरी रेघा ओढायचा. तोंडात कायम सिगारेट. मास्तर ओरडले की ती कानावर ठेवायचा, मास्तर वळले की पुन्हा तोंडात. डब्यात ताई आणि पेंटर, इंजिनाखाली दादा, अशी कामाची वाटणी होती. ती शिवता शिवता टोमणे मारायची, तो ब्रश न हलवता उत्तरं द्यायचा.

मास्तरांनी स्पंज वापरू या म्हटलं तेव्हा तिने त्यांना उडवून लावलं. जुन्या सीटा काथ्याच्या होत्या, काथ्याच भरायचा. पहिला डबा पुरा झाला तेव्हा ती त्यात एकटीच बराच वेळ बसून राहिली. वार्निशाचा वास, कोवळं ऊन, हिरव्या कातड्याच्या ओळी. आपल्या हातून आजवर इतकं चांगलं काही झालं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

मग इंजिन चालवून बघायचा दिवस ठरला. यार्डाच्या आतल्या रुळावर एकच फेरी, मागे तो एक डबा, डब्यात कुणी नाही. बघायला मात्र गावभरची माणसं लोटली होती. सकाळपासून भट्टी पेटवली होती, पण वाफ म्हणावी तशी चढेना. दादा घामाघूम होऊन इंजिनाच्या तोंडाशी काहीतरी खटपट करत होता. दुपारी एकदाची शिट्टी झाली, इंजिनाने धूर ओकला आणि गाडी हलली. माणसं ओरडली, मास्तर टोपी उडवून नाचले. ताईने डोळे पुसले आणि आपण रडतोय म्हणून स्वतःलाच शिवी घातली.

फेरी झाल्यावर डबा सोडून इंजिन पाणी प्यायला पुढे गेलं आणि माणसंही त्याच्या मागे गेली. रंगाचा वास जावा म्हणून डब्याच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीतून धूर येतोय हे आधी ताईनेच पाहिलं. काथ्या आतल्या आत धुमसत होता. बादल्या येईपर्यंत वार्निशाने पेट घेतला आणि मग कुणाच्या बापाच्याने ती आग आवरणार नव्हती. ती आत धावली. निदान दोन सीटा तरी, एवढंच डोक्यात होतं. पेंटरने तिला मागून कमरेला धरून ओढलं. ती त्याला नखांनी ओरबाडत होती, लाथा मारत होती. दोघं खडीवर आपटले आणि छत खाली आलं.

उरला तो लोखंडी सांगाडा आणि चाकं.

पुढच्या सुट्टीला सगळे शेडमध्ये बसले. आग कशाने लागली, हा एकच प्रश्न होता. इंजिनातून ठिणगी उडणं शक्य नव्हतं, कारण धुराच्या वाटेवर ठिणग्या अडवणारी जाळी असते आणि ती दादाने स्वतः बसवली होती. बघता बघता सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या.

"तू डब्यात सिगारेट ओढलीस?" मास्तरांनी विचारलं.

"दारात उभा राहून ओढली. फेरीच्या आधी," पेंटर म्हणाला. "थोटूक खाली टाकून पायाने विझवलं."

"नक्की?"

पेंटरने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या हातावर ताईच्या नखांचे ओरखडे अजून लाल होते. ताईच्या मनातही तेच आलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर त्याला दिसलं असावं. तो उठला, रंगाने माखलेला डगला खिळ्याला अडकवला आणि गेला. ब्रशही नेले नाहीत. दादा मान खाली घालून बसला होता. डब्याचं दुःख त्याला सोसवत नाहीये, असं तिला वाटलं.

आठवड्याभराने ती सांगाड्याची राख काढायला गेली. हात पुसायला चिंधी हवी होती म्हणून दादाच्या बाकाखाली वाकली. मागे, तेलाच्या डब्याआड, गोणपाटात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. तिने उघडून पाहिलं. जाळी होती. काजळीने बुजलेली, पण ओळखू आली. घरच्या जेवायच्या टेबलावरच दादाने ती बनवली होती, आणि धरायला मदत करताना तार लागून तिचं बोट कापलं होतं.

ती तिथेच बसली. मग गोणपाट काखेत मारून घरी आली.

दादा खिडकीत होता. तिने जाळी त्याच्या पुढ्यात टाकली. त्याने ती पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

"वाफेचा काटा हलेना, चिमे," तो म्हणाला. "जाळी बुजली होती, भट्टी ओढ घेईना. एवढी माणसं आलेली. म्हटलं, एका फेरीपुरती काढू, मग साफ करून लावू."

"आणि पेंटर?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"दादा, मी विचारतेय. त्या माणसाने मला आगीतून ओढून काढलं. त्याच्या तोंडाला काळं फासलं तेव्हा तू समोर बसला होतास!"

"सांगणार होतो. रोज ठरवतो." त्याने जाळी उचलून मांडीवर घेतली. "पण सांगितलं की ते मला इंजिनाला हात लावू देणार नाहीत. मग मी सकाळी उठू कशासाठी? तूच सांग. कशासाठी उठू?"

तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्याला गदागदा हलवावं की जवळ घ्यावं, हे तिला कळेना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. एवढंच म्हणाली, "तू सांगणार नसशील तर मी सांगेन."

त्याने सांगितलं. शेडमध्ये सगळ्यांसमोर जाळी टेबलावर ठेवली आणि दोन वाक्यांत काय केलं ते बोलला. कुणी आवाज चढवला नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही आता येऊ नका," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी दादाला अहोजाहो कधी केलं नव्हतं.

पण तोवर फार उशीर झाला होता. आगीच्या बातमीने यार्डाचे मालक हादरले होते. त्यांनी शेड रिकामी करायला सांगितलं. मास्तरांनी उंबरे झिजवले, हातापाया पडले, काही झालं नाही. इंजिन दूरच्या एका संग्रहालयाने घेतलं, तेही नुसतं उभं करून ठेवायला. त्यात पुन्हा कधी आग पेटवायची नाही, अशी त्यांची अटच होती. दुसरा डबा आणि सांगाडा भंगारात जाणार होते.

नेण्याच्या दिवशी तिने दादाला दोनदा हाक मारली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती एकटीच गेली. इंजिनाला साखळदंड घालून भल्यामोठ्या ट्रेलरवर चढवत होते. काही जण तिच्याशी बोलले, काहींनी पाठ फिरवली. मास्तर कुंपणाला धरून लहान मुलासारखे रडत होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

घरी आली तेव्हा दादाने विचारलं, "गेलं?"

"गेलं."

त्यानंतर त्याने बोलणंच टाकलं. ताट तसंच परत यायचं. दाढीचे खुंट वाढले, अंगावरचा शर्ट बदलेना. एकदा ती वर आली तर तो पलंगाच्या कडेला बसून झोपेच्या गोळ्यांच्या बाटलीकडे टक लावून बघत होता. बाटली तिने खाली दुकानात नेऊन कुलपात ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला धरून खाली आणायला लागली. तो मशीनशेजारच्या खुर्चीत मुकाट बसून राहायचा. ती गिऱ्हाइकांशी बोलायची, कापड कापायची, आणि एक डोळा सतत त्याच्यावर ठेवायची. डॉक्टरांना आणलं. त्यांनी औषध दिलं, माणसांत ठेवा म्हणाले. माणसं होती कुठे? जी होती ती शेडमधली होती.

शेवटी ती पेंटरच्या घरी गेली. तो अंगणात कुठल्याशा औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होता. तिला बघून उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. ती उभ्यानेच बोलली. "मलाही तुझ्यावर संशय आला होता. तो माझा गुन्हा. त्याची माफी मागायला आलेय."

"तुमच्यावर राग नाही, ताई." त्याने ब्रश डब्याच्या काठाला निथळला. "तुमचा डबा जळला होता. पण त्याने तर माझ्या शेजारी बसून सगळं ऐकलं. माझ्या पोरीला शाळेत विचारत होते, तुझ्या बापाने गाडी जाळली ना म्हणून. त्याने मास्तरांना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. माझ्या दारात आला का?"

"तो पडून आहे. जेवत नाही."

"मग मी काय करू?" पेंटर म्हणाला आणि पुन्हा पाटीवर वाकला. अक्षर मात्र त्याच्याने पुढे ओढवलं नाही.

तिने घरी येऊन दादाला शब्दन् शब्द सांगितलं. काही झाकलं नाही, पोरीचंही नाही. सौम्य करून सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "मी थकले, दादा," ती म्हणाली. "तू उठत नाहीस, आणि मला तुझ्यावर धड रागही धरता येत नाही." ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मोरीत पाण्याचा आवाज आला. दादा दाढी करत होता. हनुवटीवर कापून घेतलं होतं. धुतलेला शर्ट घातला, जिन्याचा कठडा धरत खाली उतरला आणि न सांगता निघाला. ती दुकानाच्या दारात उभी राहिली. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते तिच्या कानात शिरत नव्हतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तो जेवणाच्या वेळेला परतला.

"भेटला?"

"दार उघडलं. बघितलं. बंद केलं."

"मग इतका वेळ कुठे होतास?"

"पायरीवर." तो खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक पडला होता. "मी बंद दाराला सांगितलं सगळं. ऐकलं असेल, नसेल. शेजारीपाजारी बघत होते."

तिने ताट वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. ती काही बोलणार, इतक्यात तो म्हणाला, "उद्या परत जातो."

"त्याने उघडलंच नाही तर?"

"नाही उघडायचा बहुतेक," दादा म्हणाला. "त्याने उघडावं असं मी तरी काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला, तिसऱ्याही. दार उघडलं नाही. तिने त्याला अडवलं नाही आणि सोबत येते असंही म्हटलं नाही. गोळ्यांची बाटली कुलपातच होती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी राहायची, मग आत जाऊन कुणाच्या तरी मोटारीची सीट उसवायला घ्यायची.