रोल नसलेला कॅमेरा

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना स्कॅनरचं वेड लागलं. वासुदेव गुरुजी उधव्याच्या शाळेत बत्तीस वर्षं होते, आणि त्या काळी तिथे कॅमेरा होता तो ह्यांच्याकडेच. डहाणूच्या दमट हवेत निगेटिव्हना बुरशी धरलेली. माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने हे एकेक पट्टी पुसत, स्कॅनरमध्ये सरकवत, आणि पडद्यावर माणसं उजळली की "प्रभा, हे बघ!" म्हणून हाका मारत. ओ देता देता माझी दोनदा आमटी करपली.

फोटो त्यांनी तुषारला, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, मोबाइलवर पाठवले. झालं! उधव्यात गावभर फिरले, आणि मंगळवारी सकाळी तिथली बायजी दारात हजर. पिशवीत आमच्यासाठी वालाच्या शेंगा.

"गुरुजी, माझे भारतीचा फोटू काढलता तुमी, शाळेचे ओट्यावर. तो पन निघल ना?"

भारती, बायजीची लेक, चौथीत असताना तापाने गेली. तिचा एकही फोटो घरात नाही.

ह्यांचा चेहरा उतरला. कारण मला ठाऊक होतं. रोल महाग; संपला तरी पोरं रांग लावायची. मग हे रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचे. पोरं खूश! घरी येऊन हे सांगायचे आणि मी पोट धरून हसायचे. भारती नवा फ्रॉक घालून आली त्या दिवशीही रोल नव्हता. महिन्याभरात ती गेली, म्हणून ते ह्यांच्या लक्षात राहिलेलं. माझ्याही. आज मला बायजीकडे बघवेना, इतकी त्या हसण्याची लाज वाटली.

हे तिला खुर्चीवर बसवून एकेक फोटो दाखवत राहिले. निव्वळ टाळाटाळ! बायजी मात्र वाकून प्रत्येक चेहरा निरखत होती.

"ही नाय." पुढचा. "ही पन नाय."

शेवटी मला राहवेना. "अहो, सांगा तिला."

"बायजी, कॅमेऱ्यात रोलच नव्हता," हे खाली बघून म्हणाले. "मी नुसतं बटण दाबलं. फोटो निघालाच नाही."

ती भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"मंग बाजारात फोटूवाला आलता," ती हळूच म्हणाली. "पोरगी हटून बसली, फोटू काढ म्हनून. मीच बोलले, गुरुजींनी काढलाय ना, आता दुसरा कशाला?"