मास्तरांची जागा

मास्तरीण दिवसा कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करते आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना बँड शिकवते. तिला मास्तरीण म्हणतात ते ती मास्तरांची बायको म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. साफ चूक. मास्तर वाजवायचे, शिकवायची ही. मास्तरांना शिकवायला जमायचंच नाही. पोरानं दोनदा सूर चुकवला की ते कपाळाला हात लावून बाहेर जायचे आणि टपरीवर चहा पीत बसायचे. ही त्याच पोराला समोर घ्यायची, हातात वाद्य न देता तोंडानं सूर म्हणायला लावायची. "आधी गळ्यातून येऊ दे," म्हणायची, "पितळ काय, पळून जात नाही."

लॉन्ड्रीच्या मागे एक लांबट खोली आहे, तिथं हे चालतं. भिंतीपलीकडे कपडे वाफेवर चढतात, त्यामुळे थंडीत खोली गरम आणि उन्हाळ्यात भट्टी. खिळ्यांना वाद्यं टांगलेली, चार जातींच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात मोठा ढोल. समोर गल्ली ओलांडली की पहिल्या मजल्यावर मास्तर-मास्तरणीचं घर.

हा बँड मुळात इथल्या एका जुन्या कारखान्याचा. तो कारखाना बंद पडून जमाना झाला, पण पाळी सुटताना गेटवर जी चाल वाजायची ती राहिली. तिला आम्ही सुटीची चाल म्हणतो. कुणी लिहून ठेवलेली नाही, कानावरून कानावर आली. आमच्याकडे दाढी करताना, भांडी घासताना, जिना चढताना माणूस जी शिट्टी वाजवतो ती हीच.

या बँडचा एक नियम आहे आणि तो कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. इथं ज्याची जागा त्याची. माणूस आजारी पडो, परगावी जावो, रुसून बसो, त्याचा भाग दुसरं कुणी वाजवत नाही. खुर्ची रिकामी, तिच्यावर वाद्य ठेवलेलं, आणि तेवढे सूर गप्प. जागा द्यायची झाली तर ज्याची आहे त्यानं स्वतःच्या हातानं वाद्य उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. मेलेल्याच्या वतीनं घरचे देतात. जिवंत माणसाच्या वतीनं कुणी द्यायचं नाही. कारखान्यात एक दिवस खाडा झाला तरी साहेब दुसऱ्याला मशिनवर उभं करायचा, त्याचा राग म्हणून जुन्या लोकांनी हा नियम केला असं सांगतात. मला तो नियम आवडतो. त्याच नियमानं पुढं माझं डोकंही फिरवलं.

मास्तर कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ. चालीचं मुख्य गाणं त्याच्यावर. मागच्या थंडीत दाढी करता करता त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून मधल्या खुर्चीवर कॉर्नेट आडवं पडलेलं, आणि बँड वाजायचा तो गाण्याशिवाय. ढोल जागेवर, मधले सूर जागेवर, खाली मोठा कर्णा घुमतोय, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते गाणंच नाही. नवऱ्यामुलाशिवाय वरात काढावी तसं. गल्लीतून जाणारी माणसं मग आपसूक शिट्टी वाजवून ती जागा भरायची.

सगळे मास्तरांना सांगायचे, उन्हाळ्यापर्यंत तुम्ही परत खुर्चीवर. डॉक्टरनं काय सांगितलंय ते फक्त मास्तरणीला ठाऊक होतं, आणि पुढं मला.

अशात लॉन्ड्रीच्या मालकाच्या मुलानं खोली मागितली. त्याला तिथं जिम काढायची होती. म्हातारा मालक भाडं नावाला घ्यायचा, मुलगा तसा नव्हता. वाईटही नव्हता. म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यापासून बाजारभावानं देत असाल तर राहा. माझ्याही घरात चूल आहे." बाजारभाव काजं करून निघत नसतो.

मी नळ, गटारं आणि भाडेकरूंची भांडणं यांत आयुष्य घालवलेली बाई. शाळा सातवीत सुटली, पण सरकारी कागद मला वाचता येतात, त्यातली मेख तर आधी दिसते. मला सुगावा लागला की स्थानिक संगीत, कला-शिक्षण आणि सांस्कृतिक वारसा यांच्यासाठी अनुदान निघालंय. तिन्ही खाती आमच्या एका खोलीत बसत होती. मी अर्ज केला. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "वारसा म्हणजे नक्की काय आहे तुमच्याकडे?" मी म्हटलं, "जे तुमच्याकडे नाही ते." त्यानं शिक्का मारला.

अर्ज पहिल्या चाळणीतून सुटला. मग समितीवरच्या अधिकाऱ्याचा फोन आला. सभ्य माणूस. म्हणाला, येत्या शनिवारी आम्ही तिघं येतो, खोली बघतो, मुलांना भेटतो आणि ती चाल ऐकतो. मी नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, "बाई, मला पटतं. पण वारसा म्हणून मागताय तर तो ऐकू तर आला पाहिजे. गाणं नसलेलं गाणं मी वरती कसं दाखवू?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं.

मी तडक मास्तरणीकडे गेले आणि फोनचं सांगितलं. ती खोलीत पोरांच्या वाद्यांत तेल घालत होती.

"वहिनी, औषधाच्या दुकानातल्या पोरीला बसवा," मी म्हटलं.

ही पोरगी विशीतली. लहानपणापासून बँडमध्ये, दुसरं कॉर्नेट वाजवते, आणि मास्तरांची औषधं तीच जिना चढून आणून देते. सगळी चाल तिला तोंडपाठ.

"कशी बसवू? त्यांनी दिलीय का जागा?"

"मग मागा."

"माग म्हणे. तुझं काय जातंय?"

"खोली जाईल. ही पोरं कुठं बसवाल, तुमच्या काजांच्या मशिनवर?"

"ओरडू नकोस. इथं फुंकायचं काम माझी पोरं करतात."

मग तिनं तेलाची बाटली खाली ठेवली. म्हणाली, "जागा मागायची म्हणजे त्यांना सांगायचं की तुम्ही परत वाजवणार नाही. गेले इतके महिने मी हे एकच वाक्य गिळून बसलेय. आणि ते मी कुणासाठी बोलायचं, तर समितीसाठी."

मला राग आला. मी म्हटलं, मग शनिवारी त्यांना चहा पाजा आणि जिमचा नारळ मी फोडते. आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटून ती माझ्या दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत कॉर्नेट. "चल," म्हणाली. "एकटीनं विचारलं तर मी रडेन. तुझ्यासमोर नाही रडणार."

मास्तर उशांना टेकून बसले होते. जीभ जड झाली होती, पण सावकाश बोलले की कळायचं.

"अहो," मास्तरीण म्हणाली, "शनिवारी ती माणसं यायचीत. त्यांना चाल ऐकायचीय. सगळी."

"ऐकव की."

"मधली जागा रिकामी आहे."

"त्यांना म्हणावं थांबा. उन्हाळ्यापर्यंत."

"ते थांबायचे नाहीत."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. माणूस कारखान्यात उमर काढलेला, मशिनवरून माणसं कशी हलवतात ते पाहिलेला, त्याला पिशवीत काय आहे ते सांगावं लागलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

मास्तरीण चादरीची सुरकुती सरळ करत राहिली. सरळ झालेली चादर परत सरळ केली.

"ओठांत हवा धरता यायची नाही, म्हणाले. आता नाही आणि पुढंही नाही."

"कधी म्हणाले?"

"तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं, त्याच दिवशी."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे मी रोज सकाळी तोंडाचा चंबू करत बसलो," मास्तर म्हणाले. "आणि आरसा तू धरत होतीस."

"हो."

"तुला ठाऊक असताना."

"हो."

मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाशी काय करायचं ते मला येतं. ते फक्त म्हणाले, "पोरीला बोलाव."

पोरगी दुकानाच्या एप्रनवरच आली. मास्तरांनी डाव्या हातानं कॉर्नेट घेतलं, सवयीप्रमाणं तोंडाची बाजू सदऱ्याला पुसली आणि ते पोटावर ठेवून पडून राहिले. पोरगी उभी. मास्तरीण उभी. मी दाराशी. शेवटी हात पुढं आला. कॉर्नेटच्या भारानं खाली झुकत होता, पण मास्तरीण मदतीला गेली नाही. नियम तिला माहीत होता.

"चालीच्या दुसऱ्या वळणावर घाई करतेस तू," मास्तर पोरीला म्हणाले. "जिन्यावर शिट्टी ऐकतो ना तुझी. बस सुटल्यासारखी पळतेस."

"नाही पळणार काका."

"बघू." आणि त्यांनी डोळे मिटले.

शनिवारी तिघं आले. सभ्य अधिकारी, एक संगीत शिकवणारे गृहस्थ आणि खादीच्या साडीतल्या एक बाई. खोलीत उभं राहायला जागा नव्हती, अर्धी गल्ली दाराशी. पोरीनं चाल वाजवली. दुसऱ्या वळणावर ती थांबली नाही आणि पळालीही नाही, अशी काही वळली की गृहस्थांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. इतके महिने शिट्ट्या मारणारी गल्ली गप्प होती. मास्तरीण टेबलावर काठीनं ताल देत होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्याकडे पाहून पोरांना वाटलं असेल, आपण चुकतोय.

संपल्यावर बाईंचे डोळे भरून आले. ज्यांच्याकडून हे आलं त्यांना नमस्कार करायचाय, म्हणाल्या. मीच तिघांना समोरचा जिना दाखवला. मास्तरीण मागून काहीतरी म्हणाली, पण तिचं बोलणं पोरांच्या गोंगाटात गेलं.

मास्तर तसेच उशांना टेकलेले. गल्लीपलीकडचं सगळं त्यांना ऐकू आलं असणार. बाई पलंगाजवळ बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती समाधान वाटत असेल नाही आज? चाल चांगल्या हाती गेली."

मास्तरांनी शब्द जमवायला वेळ घेतला. त्यांना प्रत्येक शब्द पोचवायचा होता.

"पोरगी छान वाजवते," ते म्हणाले. "तुम्ही तिला द्या पैसे. पण समाधान बिमाधान माझ्याकडून घेऊन जाऊ नका. मी अजून इथं बसलोय."

बाईंनी हात सोडला. मागून वर आलेल्या मास्तरणीनं पाण्याचे पेले पुढं केले. तिघंही पाणी प्यायले. तहान कुणालाच नव्हती.

अनुदान मिळालं. खोली राहिली, छताची गळती थांबली, मालकाच्या मुलाला भाडं वेळेवर पोचतं आणि त्यानं जिम चौकात काढली. पोरं दुपटीनं वाढलीत. बाहेरून बघणारा म्हणेल, सगळं झकास. सभांमध्ये मी स्वतःच आमच्या बँडचा दाखला देते.

पण मास्तर बँडबद्दल बोलत नाहीत. आधी मास्तरीण रात्री जेवण भरवताना सांगायची, आज कोण उशिरा आलं, कुणी ढोल फाडला, आणि ते हसायचे, शिव्या घालायचे. आता ती भरवते आणि ते जेवतात. मी एकदा म्हटलं, वहिनी, खरं कधी ना कधी सांगावं लागलंच असतं. तर म्हणाली, "सांगितलंच असतं. पण ते माझं सांगणं झालं असतं. आता त्यांना वाटतं, भाड्यासाठी सांगितलं. आणि खोटं कसं म्हणू?"

यंदा अनुदानाचा नवा अर्ज करायचा होता. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या कारखान्यात गेले. सगळ्या बाया डबे उघडून बसल्या होत्या, ही मशिनवरच. मी म्हटलं, अर्ज भरतेय, ती माणसं परत येतील बघायला.

"भर की," ती म्हणाली. शर्ट सुईखाली सरकवला, काज पुरं केलं, दातानं दोरा तोडला. "पण या खेपेला त्यांना वर आणू नकोस."